बदली पात्राची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुरुद, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारी समितीने मला दिले, तेव्हा संतवाङ्मय, नाट्यसंगीत, भोसल्यांच्या काळापासूनची छत्तीसगडातील मराठी वस्ती, असे रुळलेले विषय समोर होतेच. ते बाजूला ठेवून संगणकाच्या आज्ञावलींच्या परीक्षणासारखा वरवर रुक्ष वाटणारा विषय मी घेतला, त्याला कारण आहे. आपल्या अनेक घरांतील मुलेमुली आज पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरूस किंवा त्याहूनही दूर याच उद्योगात गुंतलेली आहेत. येथे पोलाद कारखान्यासाठी आलेल्या पिढीला आपले काम मुलांना दाखवता येत असे. भट्टीचा उजेड रात्री दिसे, भिलाईचा रूळ कोणत्याही स्टेशनवर बोट ठेवून दाखवता येई. आता मुलगी सुटीत घरी येते, आई विचारते, "तू नेमके काय करतेस?" ती म्हणते, "टेस्टिंग." पुढे विचारावे तर "मॉडेल स्टब करते, मॉक लावते" असे काहीतरी ऐकू येते आणि संभाषण चहाकडे वळते. ते संभाषण आणखी चार वाक्ये पुढे जावे, एवढाच माझा हेतू आहे. तथापि बोलता बोलता हेही ध्यानात येईल की, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. बदली साक्षीदारावर किती विश्वास टाकावा, असा तो जुनाच प्रश्न आहे.

प्रथम परीक्षण म्हणजे काय ते पाहू. समजा, आपल्या मंडळाची वर्गणीची वही संगणकावर गेली. वहीतल्या प्रत्येक नोंदीला जणू वाचा फुटली. 'सभासद' नावाच्या या बोलक्या नोंदीला आपण प्रश्न विचारू शकतो: तुझा पत्ता काय? तू आजीव सभासद आहेस का? तुझी वर्गणी थकली आहे का? या बोलक्या नोंदीस कारागीर 'मॉडेल' म्हणतात, आणि ती ज्या प्रश्नांना उत्तर देऊ शकते त्यांस 'मेथड' म्हणतात. आज्ञावलीचा दुसरा एक भाग स्मरणपत्रे तयार करतो. तो प्रत्येक सभासदाला थकबाकी विचारतो, 'होय' आले की पत्र लिहितो आणि टपालाकडे देतो.

आता हा पत्रलेखक नीट वागतो की नाही, हे कोणी पाहावयाचे? चिटणिसांनी दर वेळी बसून पाहणे शक्य नाही. म्हणून एक छोटी आज्ञावली लिहितात, तिचे काम एवढेच, की मोठ्या आज्ञावलीला ठरावीक परिस्थितीत उभे करावयाचे आणि अपेक्षित उत्तर मिळते का ते ताडून पाहावयाचे. हे स्वयंचलित परीक्षण होय. अशी शेकडो, हजारो परीक्षणे मोठ्या कामात असतात आणि मूळ आज्ञावलीतील एक ओळ जरी बदलली, तरी ती सगळी पुन्हा चालवून पाहतात. अमेरिकेतील केंट बेक यांनी या पद्धतीला वळण लावले. १९९७ साली त्यांनी आणि एरिक गामा यांनी विमानप्रवासात बसून जावा भाषेसाठी 'जेयुनिट' हे परीक्षणाचे साधन लिहावयास घेतले, अशी हकीकत या व्यवसायात सांगतात. पुढे जवळजवळ प्रत्येक भाषेत तशी साधने झाली.

येथे एक अडचण उभी राहते. पत्रलेखकाची परीक्षा घ्यावयाची तर सभासद हवा, सभासदासाठी वही हवी, थकबाकी ठरवावयाची तर आजची तारीख हवी आणि पत्र पाठवावयाचे तर टपाल हवे. परीक्षणासाठी दर वेळी खरी वही उघडणे वेळखाऊ असते. तारीख तर रोज बदलते, म्हणजे काल उत्तीर्ण झालेले परीक्षण आज विनाकारण नापास होईल. आणि खरे टपाल जोडले तर परीक्षणाच्या निमित्ताने गावभर पत्रे जातील. हेच बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या आज्ञावलीबाबत झाले तर काय अनर्थ होईल, ते सांगावयास नकोच. म्हणून परीक्षणापुरता खऱ्याच्या जागी बदली उभा करतात.

बदलीची कल्पना आपल्याला परकी नाही. गणपतीची मूर्ती नसली तर आपण सुपारी मांडतो. अश्वमेधाच्या वेळी रामाने सीतेची सुवर्णप्रतिमा शेजारी ठेवली, ही उत्तरकांडातील कथा सर्वांना ठाऊक आहे. श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा 'चट' करून आसनावर बसवण्याची सोय शास्त्राने केली आहे. पण त्याच सोयीतून 'चटावरचे श्राद्ध' हा वाक्प्रचारही मराठीत आला, हे विसरू नये. सोय शास्त्रशुद्ध होती. ती उरकण्याची सबब झाली, तेव्हा भाषेने तिला चिमटा काढला. आजच्या माझ्या व्याख्यानाचे सार या एका वाक्प्रचारात आहे असे म्हटले तरी चालेल.

संगणकातील बदली पात्रांचे प्रकार समजण्यास नाटकाच्या तालमीसारखे दुसरे साधन नाही, आणि ती येथे बहुतेकांनी पाहिलेली आहे. तालीम नायिकेची आहे. नायक कारखान्यात दुपारपाळीला गेला आहे. तालीम थांबवता येत नाही. मग काय करावयाचे?

नायकाच्या जागी नुसती खुर्ची ठेवली, की त्याने तेवढी जागा अडवावी, तर तो 'डमी' झाला. एखाद्या मुलाला वही देऊन उभे केले, "तिचे वाक्य संपले की एवढे उत्तर वाच" असे सांगितले, तर तो 'स्टब'. स्टब म्हणजे तोडलेल्या झाडाचा खुंट. झाड नाही, पण त्याची जागा धरलेली आहे. त्याला अभिनय येत नाही, अर्थ कळत नाही; नेमून दिलेले उत्तर मात्र तो दर वेळी तेच देतो, आणि तेवढेच त्याच्याकडून हवे असते. तोच मुलगा तिने काय काय म्हटले याची गुपचूप टिपणे ठेवू लागला आणि तालमीनंतर दिग्दर्शकाने ती तपासली, तर तो 'स्पाय', म्हणजे हेर. त्याला आधीच बजावले असेल की, "ती तुला बरोबर दोनदा हाक मारील, दुसऱ्या हाकेनंतर पत्र देईल, एकदा कमी वा एकदा अधिक झाले तर तालीम थांबव," तर तो 'मॉक'. स्टब केवळ उत्तर देतो, मॉक आपल्याशी कसे वागले गेले याची अपेक्षा मनात धरून उभा असतो आणि ती मोडली की आक्षेप घेतो. राहिला पाचवा, 'फेक'. याने भूमिका खरोखर पाठ केली आहे, पण थोडक्यात, रंगमंचावर चालणार नाही अशी. संगणकात खऱ्या वहीऐवजी स्मरणात ठेवलेली तात्पुरती लहान वही हे त्याचे उदाहरण.

हे पाच प्रकार एका छत्राखाली आणून त्यांना 'टेस्ट डबल' हे नाव जेरार्ड मेसारोश यांनी आपल्या २००७ सालच्या ग्रंथात रूढ केले. चित्रपटात नटाच्या जागी उडी मारणाऱ्या 'डबल'वरून ते घेतले आहे. 'मॉक'ची कल्पना त्याआधीची आहे. लंडनमधील टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली ती एका निबंधात मांडली. पुढे २००४ साली मार्टिन फाउलर यांनी मॉक आणि स्टब एक नव्हेत, हे सांगणारा स्वतंत्र लेखच लिहिला. कारण तोवर लोक दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरू लागले होते.

आता आपल्या पत्रलेखकाकडे परत येऊ. त्याच्या परीक्षणात आपण सभासदाला स्टब करतो, म्हणजे 'तुझी वर्गणी थकली आहे का?' या प्रश्नाला 'होय' असे उत्तर बांधून देतो आणि पत्र तयार होते का ते पाहतो. मग 'नाही' बांधून देतो आणि पत्र होत नाही ना ते पाहतो. टपालाच्या जागी मॉक ठेवतो आणि त्याच्याकडे एकच पत्र, योग्य पत्त्याचे, आले की नाही हे तपासतो. वही उघडली नाही, तारीख पाहिली नाही, कोणाच्या दारी पत्र गेले नाही, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल हाती आला. पत्रलेखकात चूक निघाली तर ती त्याचीच, हेही निश्चित. कारण इतर सगळे आपणच बांधून दिलेले आहे. हा लाभ लहान नाही. ज्या कामात दिवसातून पन्नास वेळा परीक्षण चालवावयाचे, तेथे तो फारच मोठा आहे.

पण यानंतर काय होऊ शकते पाहा. वर्षभराने एखादा तरुण खजिनदार म्हणतो, नुसते होय-नाही कशाला, किती रुपये थकले तेच सांगावे. म्हणून तो सभासदाची ती मेथड बदलतो. आता ती आकडा देते: कोणाची ३००, कोणाची ६००, आणि ज्याची बाकी नाही त्याची ०. बदल उपयुक्त आहे, वाजवी आहे. मात्र ही आज्ञावली रुबी नावाच्या भाषेत लिहिलेली असेल, तर त्या भाषेचा एक नियम आहे. तेथे 'नाही' आणि 'काहीच नाही' या दोन खास मूल्यांखेरीज सर्व काही 'होय' समजले जाते. शून्यसुद्धा. म्हणजे बाकी शून्य असलेला सभासद पत्रलेखकाला थकबाकीदार दिसू लागतो.

परीक्षणे काय म्हणतात? सगळी उत्तीर्ण. कारण परीक्षणातील बदली सभासद अजूनही जुनेच 'होय' आणि 'नाही' घोकत उभा आहे. खऱ्या सभासदाने भाषा बदलली, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. खजिनदाराचे आकड्यांचे परीक्षण बरोबर, पत्रलेखकाचे परीक्षण बरोबर, आणि ज्यांनी पन्नास वर्षे पै न् पै वेळेवर भरली त्या संस्थापक सभासदाच्या घरी पत्र जाते: आपली शून्य रुपये वर्गणी थकली आहे, ती त्वरित भरावी. मंडळापुरते हे हसण्यावारी जाईल, किंवा एखादा वयोवृद्ध मनुष्य दुखावेल. पण या जागी निवृत्तिवेतन असेल, औषधाची मात्रा असेल, तर हसू येणार नाही.

असे घडल्याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून युरोपचे एरियान-५ हे नवे रॉकेट पहिल्यांदा उडाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी, सुमारे ३७०० मीटर उंचीवर ते वाट सोडून वळले, मोडले आणि नष्ट झाले. त्यातील चार 'क्लस्टर' उपग्रहही गेले. फ्रेंच गणिती झाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला. दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियान-४ मधून जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात एक मोठी संख्या १६ बिटांच्या लहान खणात कोंबली जात असे. त्या खणात ३२,७६७ च्या पुढे मावत नाही. एरियान-४ च्या संथ मार्गावर हा आकडा कधी ओलांडला गेला नव्हता. एरियान-५ ची आडवी गती कितीतरी अधिक होती. संख्या मावली नाही, राखीव यंत्रणा बंद पडली, पाठोपाठ मुख्यही बंद पडली. कारण दोहोंत आज्ञावली एकच होती.

आपल्या विषयाशी याचा संबंध पुढेच आहे. उड्डाणापूर्वी जमिनीवर सबंध प्रणालीच्या ज्या एकत्रित चाचण्या झाल्या, त्यांत ही दिशादर्शक यंत्रणा प्रत्यक्ष बसवलेलीच नव्हती. तिच्या जागी तिचे वर्तन करून दाखवणारी आज्ञावली होती. म्हणजे बदली पात्रच. ते बदली पात्र बनवणाऱ्यांना मूळ यंत्रणा जशी वागेल असे वाटत होते तसेच ते वागले. खरी यंत्रणा एरियान-५ च्या मार्गाच्या आकड्यांनिशी तपासली असती, तर हा दोष जमिनीवरच उघडा पडला असता, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. यात आळशीपणा नव्हता. यंत्रणा पूर्वी तपासलेली आहे, पुन्हा कशाला, असा समंजस वाटणारा विचार होता. समंजस विचारच अशा ठिकाणी अधिक घातक ठरतो, कारण त्याला कोणी हरकत घेत नाही.

मुद्दा हा की, बदली पात्र खऱ्याची साक्ष देत नाही. खऱ्याविषयीच्या आपल्या समजुतीची साक्ष देते. समजूत खरी असेल तोवर साक्ष खरी. समजूत शिळी झाली की साक्षीदार तोच राहतो, तितक्याच ठामपणे बोलतो, आणि खोटे बोलतो.

मग बदली नकोतच का? तसे म्हणणारेही आहेत. या व्यवसायात दोन पंथ पडलेले आहेत. लंडन पंथ म्हणतो, प्रत्येक भाग शेजाऱ्यांच्या जागी मॉक ठेवून एकेकटा तपासा, म्हणजे कोणी कोणाशी कसे बोलावे हेही त्यातून ठरत जाते. जुना पंथ म्हणतो, शक्य तेथे खरे भाग एकत्रच तपासा, बदली अगदी अडेल तेथेच घ्या. रुबीतील 'रेल्स' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी २०१४ साली अतिरेकी अलगपणावर कडक टीका केली, तेव्हा बेक, फाउलर आणि ते स्वतः अशा तिघांचे जाहीर संवाद झाले. त्यांत खुद्द बेक यांनी आपण मॉक जवळजवळ वापरतच नाही असे सांगितले. वाद मिटलेला नाही आणि मिटण्याची आवश्यकताही नाही. कोठे काय चालेल याचा विवेक मात्र हवा.

तो विवेक शिकण्यास आपल्याला दूर जावयास नको. 'मॉक' हा शब्द भिलाईत प्रत्येकाला 'मॉक ड्रिल'मुळे ठाऊक आहे. कारखान्यात आगीचा सराव होतो, तेव्हा आग खोटी असते. पण भोंगा खरा वाजतो, बंब खरा धावतो, पाण्याचा दाब खरा असतो, माणसे खऱ्या जिन्याने उतरतात. कारण तपासावयाचे आहे ते आगीला नव्हे, बंबाला. आगीबरोबर बंबही कागदावरच धावला, तर तो सराव नव्हे, ते चटावरचे श्राद्ध. दुसरे उदाहरण रुळाचे. रुळाची ताकद पाहण्यासाठी त्याच हीटमधील रुळाचा खरा तुकडा घेऊन त्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून आदळतात. आगगाडी तेथे नसते. तिच्या जागी पडते वजन असते. गाडीचे सोंग चालते, रुळाचे चालत नाही. ज्याची परीक्षा आहे तो खरा हवा, भोवतालच्यांचे सोंग चालेल, हा पहिला नियम यातून निघतो. नवशिके कारागीर पुष्कळदा ज्या मॉडेलची परीक्षा घ्यावयाची त्याचीच मेथड स्टब करून ठेवतात. मग परीक्षण उत्तीर्ण होते, पण त्याने काय सिद्ध केले? आपणच लिहून दिलेले उत्तर आपल्याला परत वाचता येते, एवढेच.

दुसरा नियम असा की, बदलीला मूळ पात्राशी बांधून ठेवावे. आता साधनेही याला मदत करतात. रुबीच्या 'आरस्पेक' या साधनाच्या २०१४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असे बदली पात्र उभे करता येते, की जे खऱ्या सभासदाकडे नसलेली मेथड स्वतःपाशी असल्याचे सांगू शकत नाही. खऱ्याने प्रश्नाचे नाव बदलले की बदली तत्काळ तक्रार करतो. पायथनमध्येही मॉकचे साधन २०१२ पासून भाषेबरोबरच येते आणि त्यात मूळच्या साच्यावरून बदली कातून घेण्याची सोय आहे. परंतु ही साधने नाव आणि प्रश्नाचा आकार तपासतात, उत्तराचा अर्थ तपासत नाहीत. आपल्या शून्य रुपयांच्या पत्राला त्यांनी अडवले नसते.

म्हणून तिसरा नियम. शंभर तालमी बदलीवर झाल्या तरी एक रंगीत तालीम सर्व खऱ्या पात्रांसह झालीच पाहिजे. खरी वही, खरा सभासद, खरा पत्रलेखक, आणि पत्र फक्त टपालपेटीपाशी अडवलेले. अशी परीक्षणे संथ असतात, म्हणून ती थोडी असावीत; पण ती नसणे परवडत नाही. आपल्या गोष्टीत वर्गणी पूर्ण भरलेल्या एका खऱ्या सभासदावर असे एकच परीक्षण असते, तरी ते पत्र गेले नसते. आणि चौथा नियम फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी आपल्या २००९ सालच्या पुस्तकात दिला आहे. जे आपले नाही त्याचा मॉक करू नये. बँकेची, टपालाची, सरकारी खात्याची यंत्रणा उद्या कशी बदलेल हे आपल्या हाती नाही. तिच्याशी बोलण्यासाठी आपला एक दुभाषा ठेवावा, सोंग त्या दुभाष्याचे करावे, आणि तो दुभाषा मात्र खऱ्या यंत्रणेसमोर वेळोवेळी तपासावा.

भगिनींनो आणि बंधूंनो, मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. शाई फिकट झाली आहे, काही पानांवर खाडाखोड आहे, काही नावांपुढे 'नागपूरला बदली' एवढेच लिहिलेले आहे. या वह्या कधीतरी संगणकावर जातील आणि ते काम आपल्यातीलच मुलेमुली करतील. त्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, परीक्षणासाठी नीटनेटके, कल्पित सभासद अवश्य उभे करा. त्यांच्यामुळे काम भरभर होईल. पण शेवटचे परीक्षण या जुन्या वहीवर घ्या. दोनदा लिहिलेले नाव, अर्धवट पत्ता, विदर्भात परत गेलेले कुटुंब, आजीव झाल्यावरही प्रेमाने वर्गणी देत राहिलेला सभासद, हे कोणत्याही बदली पात्राला सुचणार नाहीत. ते खऱ्या वहीतच भेटतात. आणि घरच्यांनी, मुलगी पुढच्या सुटीत आली आणि "मॉक लावते" म्हणाली, तर तिला जरूर विचारावे: "खरे पात्र तू शेवटचे कधी तपासलेस?" त्या एका प्रश्नाने आई-लेकीचे संभाषण चहाच्या पुढे जाईल, आणि कदाचित तिचे कामही थोडे अधिक चोख होईल.